आधी वाचा, मग लिहा : जुन्या गेम कन्सोलच्या फर्मवेअर-दुरुस्तीची प्रस्तावना

गणपती आटोपले की विजयदुर्गात दुरुस्तीच्या टेबलावर मिक्सर, टीव्ही आणि इन्व्हर्टरच्या जोडीने गेम कन्सोल येऊ लागतात. मुंबईचा काका किंवा आतेभाऊ घरातला जुना प्लेस्टेशन गावच्या पोरांसाठी पिशवीत घालून आणतो. कुणी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड घेतलेला असतो. विसर्जनापर्यंत तो बिनतक्रार चालतो. मग एका संध्याकाळी पडद्यावर इंग्रजीतले एक वाक्य आणि आकड्यांचा एक कोड येतो आणि मशीन तिथेच अडते. घेऊन येणारा मुलगा सांगतो, ‘‘काल अपडेट लावलंय, मधीच लाइट गेली. तेवापासून निळो लाइट येता नि बंद पडता.’’ दोष कुठे असू शकतो याची निम्मी माहिती या बोलण्यातच आहे. उरलेली निम्मी मशीनकडून कशी काढून घ्यायची, ते सांगण्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे.

तिचा विषय मुद्दाम मर्यादित ठेवला आहे. पंखा साफ करणे, थर्मल पेस्ट बदलणे, तुटलेले एचडीएमआय सॉकेट काढून नवे बसवणे ही कामे आपल्याकडचे चांगले कारागीर उत्तम करतात. गाडी अडते ती त्यापुढे. सगळे व्होल्टेज बरोबर आहे, बोर्डावर कुठे शॉर्ट नाही, तरी मशीन चालू होत नाही किंवा अपडेट पुरे होत नाही. अशा वेळी ‘सॉफ्टवेअर उडालंय, काही होणार नाही’ असे सांगून मशीन परत दिले जाते, नाहीतर हाताला लागेल ती फाइल चढवून पाहिली जाते. पहिल्या प्रकारात दुरुस्त होण्याजोगे मशीन भंगारात जाते. दुसऱ्या प्रकारात त्याची उरलीसुरली आशाही संपते.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. नव्वदच्या दशकात घरोघरी जो टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, त्यात खेळ कॅसेटमधल्या रॉम चिपवर कायमचा कोरलेला असे. कॅसेटची टोके स्पिरिटने पुसली की खेळ पुन्हा सुरू. २००० साली आलेल्या प्लेस्टेशन २ मध्येही मूळ प्रणाली चिपमध्ये पक्की होती. इंटरनेटवरून अपडेट येणार आणि ते अर्धवट राहिले तर मशीन बंद पडणार, अशी भीती तिथे नव्हती. पीएसपी, २००५ चा एक्सबॉक्स ३६० आणि २००६ चा प्लेस्टेशन ३ यांच्यापासून चित्र पालटले. यंत्राच्या आतला कार्यक्रम बदलता येऊ लागला. नव्या सोयी घरबसल्या मिळू लागल्या आणि त्याच वाटेने नवे बिघाडही घरबसल्या होऊ लागले. भारतात ६ जानेवारी २०१४ रोजी ३९,९९० रुपयांना विक्रीस आलेला प्लेस्टेशन ४ आज सेकंडहँड बाजारात सहज मिळतो. या पुस्तिकेचा मोठा भाग त्याच्यावरच आहे.

फर्मवेअर म्हणजे यंत्र चालू होताच सर्वांत आधी धावणारा, चिपमध्ये साठवलेला कार्यक्रम. कन्सोलमध्ये त्याचे थर असतात आणि ते नीट समजले की निम्मे निदान सोपे होते. सर्वांत खालचा थर प्रोसेसरच्या आतच कोरलेला असतो. तो कुणालाही बदलता येत नाही, अगदी कंपनीलाही. २०१८ साली निन्टेन्डो स्विचच्या प्रोसेसरमधल्या याच थरात त्रुटी सापडली, तेव्हा तोवर विकल्या गेलेल्या मशीनवर कोणत्याही अपडेटने ती दुरुस्त करता आली नाही. त्याच्या वरचा थर बोर्डावरच्या फ्लॅश चिपमध्ये राहतो. प्लेस्टेशन ४ मध्ये ही चिप ३२ एमबीची आहे. प्लेस्टेशन ३ च्या सुरुवातीच्या मॉडेलांत २५६ एमबीची नँड फ्लॅश होती, नंतरच्या मॉडेलांत १६ एमबीची नॉर चिप आली. सर्वांत वरचा थर म्हणजे प्रत्यक्ष मेनू आणि सेटिंग दाखवणारी प्रणाली. प्लेस्टेशन ४ मध्ये आणि प्लेस्टेशन ३ च्या नॉर मॉडेलांत ती हार्ड डिस्कवर असते. म्हणूनच या मशीनची हार्ड डिस्क बदलली की ते लगेच पेनड्राइव्हवरून प्रणाली मागते. ती मागणी म्हणजे बिघाड नव्हे. खालचे थर शाबूत असल्याची ती खूण आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. फ्लॅश चिपमध्ये सगळ्या मशीनना समान असलेला भाग असतो, तसाच त्या एकाच मशीनचा खास भागही असतो. त्याचा अनुक्रमांक, त्याच्या एन्क्रिप्शनच्या किल्ल्या, त्याच्या डिस्क ड्राइव्हशी बांधलेली जोडी, सगळे त्यात असते. समान भाग पुन्हा मिळवता येतो. खास भाग जगात फक्त त्या एका चिपवर असतो. शेजारच्याचा सातबारा आणून आपली जमीन आपल्या नावावर होत नाही, तसे दुसऱ्या कन्सोलच्या चिपमधली माहिती या कन्सोलवर जशीच्या तशी चढवून ते चालत नाही. आणि मूळ माहिती एकदा पुसली गेली की ती कुठल्याही बाजारात विकत मिळत नाही.

या पुस्तिकेचा सगळा भर म्हणूनच एका नियमावर आहे : आधी वाचा, मग लिहा. मशीनमध्ये आज जे आहे ते जसेच्या तसे वाचून, पडताळून, जपून ठेवल्याशिवाय त्यात एक बाइटही लिहू नका. वरच्या मेनूपासून खालच्या चिपपर्यंत, प्रत्येक पायरीला हाच नियम लागू आहे.

घाई न करणे किती मोलाचे असते, याचे एक उदाहरण सगळ्या जगाने पाहिले आहे. १ मार्च २०१० रोजी जगभरचे असंख्य जुने, जाड बांध्याचे प्लेस्टेशन ३ एकाएकी नेटवर्कला जोडले जाईनात. पडद्यावर ८००१०५०एफ हा कोड येई आणि मशीनची तारीख विस्कटलेली दिसे. कारण असे, की आतल्या घड्याळाच्या हिशेबात २०१० हे लीप वर्ष धरले गेले होते. मशीनच्या मते २८ फेब्रुवारीनंतर २९ तारीख होती. साधारण एक दिवस उलटला, तारीख पुढे सरकली आणि मशीन आपोआप पूर्ववत झाली. ज्यांनी त्या दिवशी काहीच केले नाही त्यांचे काहीच बिघडले नाही. घाबरून हार्ड डिस्क फॉरमॅट करायला निघालेल्या माणसाने मात्र आपले जतन केलेले खेळ विनाकारण घालवले असते. कोड दिसला म्हणजे लगेच उपाय सुरू करायचा, असा त्याचा अर्थ नसतो. त्या क्षणी मशीनला काय जमले नाही, एवढेच कोड सांगतो.

निदानाचा क्रम कसा असावा हे पाहण्यासाठी निळा दिवा लागून बंद पडणारा प्लेस्टेशन ४ समोर घेऊ. पहिले काम वहीत नोंद करण्याचे. मॉडेल क्रमांक, अनुक्रमांक, सील तुटलेले आहे का, कुठला स्क्रू घासलेला आहे, मालकाने काय सांगितले. दुसरे काम वीज तपासण्याचे. पॉवर सप्लायमधून बोर्डाला १२ व्होल्ट मिळतात का आणि मशीन चालू होताना ते खाली पडतात का, हे मल्टिमीटरने पाहायचे. दमदार नसलेला सप्लाय हुबेहूब फर्मवेअर बिघडल्यासारखी लक्षणे देतो. तिसरे, दिव्याकडे नीट पाहायचे. निळा दिवा लुकलुकून पांढरा झाला पण चित्र आले नाही, तर संशय एचडीएमआय सॉकेटवर किंवा त्यामागच्या चिपवर घ्यावा. निळ्यावरच अडला, तर दोष त्याआधी कुठेतरी आहे.

मग सेफ मोड, म्हणजे नेहमीच्या प्रणालीऐवजी फक्त दुरुस्तीचा मेनू उघडण्याची सोय. मशीन बंद करून पॉवरचे बटण दाबून धरायचे. पहिली बीप लगेच येते, दुसरी साधारण सात सेकंदांनी. दुसरी ऐकू आली की बटण सोडायचे. या मोडमध्ये कंट्रोलर ब्लूटूथवर चालत नाही, तो केबलनेच जोडावा लागतो. केबलही डेटा नेणारी हवी, नुसती चार्जिंगची नव्हे. ‘कंट्रोलर घेत नाही’ म्हणून आलेल्या मशीनमागे पुष्कळदा एवढेच कारण असते. सेफ मोडचा मेनू पडद्यावर आला की खूप काही कळले. प्रोसेसर, मेमरी, चित्राचा मार्ग आणि फ्लॅश चिपचा बराचसा भाग जिवंत आहे. आता दोष हार्ड डिस्कवर, तिच्यावरच्या प्रणालीत किंवा डिस्क ड्राइव्हकडे शोधायचा.

मेनूतले पर्याय क्रमाने सौम्यापासून कठोराकडे जातात आणि आपणही तसेच जावे. रिझोल्यूशन बदलणे, अपडेट करणे, सेटिंग मुळावर आणणे, डेटाबेस नव्याने बांधणे यांत खेळाडूचे जतन केलेले काही जात नाही. सहाव्या आणि सातव्या पर्यायात सगळे पुसले जाते. सातव्याला लागणारी फाइल नेहमीच्या अपडेटच्या फाइलपेक्षा मोठी असते, कारण तिच्यात पूर्ण प्रणाली असते. दोन्हींचे नाव एकच असल्याने गल्लत होते. पेनड्राइव्हवर ‘पीएस४’ नावाचा फोल्डर, त्यात ‘अपडेट’ नावाचा फोल्डर आणि त्यात फाइल, सगळी नावे इंग्रजी मोठ्या अक्षरांत, अशी मांडणी लागते. एका अक्षराची चूक झाली तर एसयू-३०७४६-० हा कोड येतो, म्हणजे मशीनला फाइल सापडली नाही. एकाच नावाची फाइल दोनदा उतरवली की संगणक दुसऱ्या फाइलच्या नावापुढे कंसात आकडा लावतो. तेवढ्यानेही हाच कोड येतो.

अपडेट अर्ध्यावर थांबत असेल तर पुन्हा पुन्हा तेच अपडेट लावण्यात अर्थ नाही. हार्ड डिस्क काढून संगणकावर तिचे आरोग्य तपासा. खराब झालेले सेक्टर असतील तर प्रणाली लिहिली जाताना तिथेच अडकते. त्यानंतर डिस्क ड्राइव्ह पाहा. प्लेस्टेशन ४ ला आपला ड्राइव्ह दिसला नाही, तर खेळ डिस्कवरचा नसला तरी अपडेट पुरे होत नाही. इथे विजयदुर्गची हवा लक्षात घ्यावीच लागते. खाडीवरून येणारी खारट दमट हवा रिबनच्या टोकांवर आणि बारीक कनेक्टरवर हिरवट पापुद्रा धरते. असा ड्राइव्ह मशीनला कधी दिसतो, कधी दिसत नाही. पडद्यावर मात्र ‘अपडेट अयशस्वी’ एवढेच येते. फर्मवेअरची तक्रार म्हणून आलेल्या अशा मशीनचे औषध म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश.

कुणीतरी आधीच हात घातलेल्या मशीनमध्ये ड्राइव्हचा प्रश्न अधिक बिकट होतो. प्लेस्टेशन ४ ची सुरुवातीची मॉडेले आणि एक्सबॉक्स ३६० यांच्या ड्राइव्हचा छोटा बोर्ड मदरबोर्डाशी जोडीने बांधलेला असतो. ड्राइव्ह बदलायचाच झाला, तर त्याच मॉडेलचा ड्राइव्ह घेऊन मूळ बोर्ड त्याच्यात बसवावा लागतो. एकदा माझ्याकडे मुंबईहून सेकंडहँड घेतलेला एक सुरेख, चकचकीत प्लेस्टेशन ४ आला. डिस्क वाचत नव्हता, अपडेट घेत नव्हता. उघडून पाहिले तर ड्राइव्ह दुसऱ्याच मशीनचा, बोर्डासकट. मूळ बोर्ड बदलणाऱ्याने कचऱ्यात टाकला होता. दोन्ही भाग धडधाकट, तरी एकमेकांना ओळखत नव्हते. पाच रुपयांच्या पुडीत जपता आला असता असा तो बोर्ड होता. ग्राहकाला काढलेला प्रत्येक जुना भाग परत द्यावा, असा आग्रह या पुस्तिकेत वारंवार आला आहे तो यामुळे.

सेफ मोडही येत नसेल तरच फ्लॅश चिपकडे वळायचे. ती वाचायला आणि लिहायला प्रोग्रॅमर नावाचे उपकरण लागते. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त काळ्या सीएच३४१ए प्रोग्रॅमरमध्ये एक धोका आहे. चिप ३.३ व्होल्टची असली तरी त्यातल्या अनेक बोर्डांच्या डेटा-तारांवर ५ व्होल्ट येतात. चिप लावण्याआधी मल्टिमीटरने हे मोजा. नंतर चिप किमान तीनदा वाचा आणि तिन्ही फाइल एकमेकींशी ताडून पाहा. ३२ एमबीच्या चिपची फाइल बरोबर ३,३५,५४,४३२ बाइट भरली पाहिजे. फाइलभर नुसते एफएफ किंवा नुसती शून्ये दिसली तर चिप वाचलीच गेलेली नाही, टोक कुठेतरी सुटले आहे. तिन्ही फाइल तंतोतंत जुळल्या की त्यांची प्रत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. यानंतरच लिहिण्याचा विचार.

जुन्या मशीनमध्ये एका रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरीही नजरेतून सुटू नये. प्लेस्टेशन ४ चे घड्याळ तिच्यावर चालते. ती मेली आणि मशीनला कंपनीच्या नेटवर्कवरून वेळ जुळवता आली नाही, तर घरात असलेले खेळही सुरू होत नसत. सप्टेंबर २०२१ च्या ९.०० या आवृत्तीने हा दोष काढला. मात्र कपाटात पडून राहिलेली मशीन अजून जुन्याच आवृत्तीवर असतात. तिथे नवी बॅटरी घालून आणि मालकाला विचारून अपडेट करून एकदा नेटवर्कला जोडणे एवढेच काम असते. अपडेटने बिघाड होतो तसा बराही होतो, हे सांगायला यापेक्षा चांगला दाखला नाही.

मागे जाण्याचा मार्ग नेहमी खुला असतो असे मात्र समजू नये. एक्सबॉक्स ३६० आणि स्विच यांच्या प्रोसेसरमध्ये बारीक इलेक्ट्रॉनिक फ्यूज असतात. ठरावीक अपडेटसोबत त्यातले काही कायमचे जाळले जातात, म्हणजे जुनी आवृत्ती पुन्हा बसू नये. प्लेस्टेशन ३ वर लिनक्स चालवण्याची मूळ सोय १ एप्रिल २०१० च्या ३.२१ या आवृत्तीने काढून घेतली. विकत घेतलेल्या वस्तूतली सोय नंतर काढून घेता येते का, यावर अमेरिकेत मोठा खटला झाला. म्हणून ग्राहकाचे मशीन त्याला विचारल्याशिवाय अपडेट करू नये. आवृत्तीचा आकडा बदलणे ही देखील त्याच्या वस्तूतली ढवळाढवळच आहे.

कायद्याचा विचार या विषयापासून वेगळा काढता येत नाही. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत गेम कन्सोलच्या डिस्क ड्राइव्हच्या दुरुस्तीसाठी डिजिटल कुलूप बाजूला करण्याची मर्यादित मुभा मिळाली. फक्त ड्राइव्हच्या दुरुस्तीसाठी, कारण जोडीमुळे तो सहज बदलता येत नाही. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी पोर्टल सुरू केले. मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू हे त्यातल्या पहिल्या क्षेत्रांपैकी एक. एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियमही लागू आहेत. वस्तू दीर्घकाळ चालावी असे आपल्याला खरोखर वाटत असेल, तर तिच्या मालकाला तिच्या आतले वाचता आले पाहिजे, अशी माझी ठाम धारणा आहे. चोरीचे खेळ चालवण्याच्या युक्त्या या पुस्तिकेत नाहीत. मी कुलपे तोडायला शिकवत नाही. मालकाचे मशीन मालकाला चालू करून द्यायला शिकवतो आहे.

हे सगळे मराठीत का, तर ज्यांना लागणार आहे ते मराठीत बोलतात म्हणून. तळेऱ्याहून पडेल कॅन्टीनमार्गे विजयदुर्गला येणाऱ्या रस्त्यावर प्लेस्टेशनचे सर्व्हिस सेंटर नाही. मुंबईला मशीन पाठवायचे तर जाण्यायेण्याचा खर्च, वाटेतली आदळआपट आणि महिनाभराची वाट. गावातल्या दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींच्या हातात सोल्डरिंग आयर्न आहे आणि डोळ्यांत कुतूहल आहे. कमी आहे ती क्रमवार सांगणाऱ्या माहितीची. आणि हे शिक्षण कन्सोलपाशी थांबत नाही. ज्या खाडीत एके काळी मराठा आरमाराची गलबते दुरुस्तीला गोदीत घेतली जात, तिथे आज ट्रॉलरवर जीपीएस आणि फिश फाइंडर आहेत. त्यांच्यातही फर्मवेअर आहे आणि ऐन हंगामात ते अडले तर बोट धक्क्याला बसते. खेळण्याच्या मशीनवर आधी वाचून मग लिहिण्याची सवय लागलेला हात त्या कामालाही उपयोगी पडेल.

पुस्तिकेची रचना दोषांच्या क्रमाने केली आहे, मशीनच्या नावाने नव्हे. पहिल्या भागात वीज आणि दिवे, दुसऱ्यात सेफ मोड आणि पेनड्राइव्ह, तिसऱ्यात हार्ड डिस्क आणि ड्राइव्ह, चौथ्यात फ्लॅश चिप. प्रत्येक भागाच्या शेवटी कुठे थांबायचे ते लिहिले आहे. चौथ्या भागावर थेट उडी मारू नये, ही कळकळीची विनंती. पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा भरवसा नसतो, तेव्हा इन्व्हर्टर किंवा यूपीएसशिवाय कुठलेही अपडेट सुरू करू नका. पॉवर सप्लाय उघडा असताना प्लग काढला म्हणजे धोका संपला असेही धरून चालू नका, त्यातले कपॅसिटर काही वेळ भार धरून राहतात.

प्रत्येक मशीन दुरुस्त होणार नाही. काहींच्या चिपमधली माहिती तुमच्याकडे येण्याआधीच पुसली गेलेली असेल. काहींचा ड्राइव्ह बोर्ड हरवलेला असेल. अशा वेळी ग्राहकाला स्पष्ट सांगा, वहीतली नोंद आणि वाचून ठेवलेली फाइल त्याच्या हवाली करा आणि काढलेले सगळे भाग पिशवीत भरून परत द्या. उद्या दुसऱ्या कुणाला नवी युक्ती सापडली तर तिचा उपयोग होण्यासाठी मूळ माहिती शिल्लक असली पाहिजे. तुमच्या टेबलावरून गेलेले कोणतेही मशीन आले होते त्यापेक्षा वाईट अवस्थेत परत जाऊ नये. एवढे साधले तरी चांगला कारागीर म्हणून तुमचे नाव होईल, आणि दुरुस्त झालेली मशीन त्याच शिस्तीतून येतील.

विजयदुर्ग